गुटी, गोधडी, एसटी आणि हजार चंद्र : आजीच्या पानावरची तुमची पत्रं

यावेळी पत्रं भरपूर आलीयत आणि जवळजवळ सगळी आज्यांची, नाहीतर आज्यांबद्दलची. सगळ्यांना इथे जागा देता येणार नाही, पण ज्यांचे प्रश्न अनेक घरांत असतात अशी सहा-सात निवडलीयत. काहींनी नाव छापू नका म्हटलंय म्हणून कुणाचंच छापत नाही, गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न : ताई, नातीला सहावा महिना संपत आलाय, आता उष्टावण करायचंय. आमच्याकडे चांदीच्या वाटीत खीर आणि बोटाने मध चाटवायची रीत. सूनबाई म्हणते मध अजिबात नको. गुटीसुद्धा जन्मापासून एकदाही देऊ दिली नाही तिने, मी माहेरून आणलेली सहाण तशीच पडून आहे. माझी दोन्ही मुलं गुटीवरच वाढली ना? फार मन दुखतं हो.
(एक आजी, नाशिक)

उत्तर : मन दुखणारच, कारण नात होणार म्हटल्यावर तुम्ही सहाण घासूनपुसून ठेवली असणार, मुरडशेंग, बाळहिरडा, हळकुंड, ज्येष्ठमध सगळं आणून डबीत भरलं असणार. पण मधाच्या बाबतीत सूनबाई शंभर टक्के बरोबर आहे आणि मी अजिबात मधला मार्ग काढणार नाही. मधात बोटुलिझम नावाच्या आजाराच्या जंतूंची बीजं असू शकतात, आपल्या मोठ्यांच्या पोटात ती रुजत नाहीत पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजतात आणि तिथे विष तयार करतात, मग बाळाला शी होत नाही, रडणं क्षीण होतं, दूध ओढता येत नाही, अंग ढिलं पडतं. घरचा मध, जंगलातला मध, उकळलेला मध, सगळ्याला हेच लागू, ती बीजं उकळून मरत नाहीत. त्यामुळे वर्षाचं होईपर्यंत बोटभरसुद्धा नाही.

गुटीचं म्हणाल तर पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नको, हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते आणि आपल्या गावातले बालरोगतज्ज्ञही. आमची मुलं वाढली ना, हे सगळ्या आज्या म्हणतात, खरंच वाढली, पण त्या काळात ज्या घरांत बाळं दगावली तिथे कशाने गेलं ते कुणाला कळलंच नाही, दृष्ट लागली म्हणून सोडून दिलं. आज कळतंय तर ऐकायला हवं. सहाण मात्र टाकू नका. सहा महिन्यांनंतर डॉक्टरांना विचारून त्यावर खारीक-बदाम उगाळता येईल. वेखंड, जायफळ, अतिविष यातलं काहीही मनाने नको.

आणि उष्टावण दणक्यात करा की! मुलीचं विषम महिन्यात करायची आपली रीत, म्हणजे सातव्यात, सहा महिने पूर्ण झाल्यावरच ते येतं, त्यामुळे रीत आणि डॉक्टर इथे एकाच बाजूला आहेत. खिरीऐवजी मऊ गुरगुट्या भात, त्यावर मुगाच्या डाळीचं सैलसं वरण आणि थोडं घरचं तूप, वर्षाच्या आत मीठ-साखर घालायची नाही म्हणून तेवढं गाळायचं. चांदीची वाटी तीच, मामाची मांडी तीच. भात मात्र तुमच्या हातचा असू द्या, तो मऊ कसा शिजवायचा आणि चमच्याच्या मागच्या बाजूने कसा घोटायचा हे सूनबाईला तुम्हीच दाखवा, ती आनंदाने शिकेल बघा.

प्रश्न : नातवाला पहिला दात आला, मी फोटो स्टेटसला ठेवला तर मुलगा म्हणाला आई काढ तो. आजीला एवढाही हक्क नाही का?
(सांगली)

उत्तर : दात आल्याचा आनंद तुमचा, फोटो मात्र त्याच्या आईवडिलांना विचारूनच बाहेर जाऊ द्या. स्टेटस कोण कोण बघतं हे आपल्यालाही नीट माहीत नसतं, दूधवाल्यापासून जुन्या भाडेकरूपर्यंत सगळ्यांचे नंबर फोनमध्ये असतात. त्यापेक्षा एक मस्त वही करा, पहिला दात, पहिलं पालथं पडणं, पहिल्यांदा कुणाला बघून हसला, कशाला घाबरला, तारीख घालून दोन दोन ओळी, आणि फोटोची प्रिंट काढून चिकटवा. मोठा झाल्यावर स्टेटस कुठे शोधणार तो? वही सापडेल.

प्रश्न : ताई, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून परत शिवायला बसावंसं वाटतंय. सुनेला दिवस गेलेत, बाळासाठी गोधडी करायचीय. सासूबाईंची दोन लुगडी ट्रंकेत आहेत. पण मी आयुष्यात फक्त ब्लाऊजला हुक लावलेत, गोधडी कधी केली नाही. जमेल का? मुलगी म्हणते ऑनलाइन तीनशे रुपयांत मिळते कशाला डोळे फोडतेस.
(बारामती)

उत्तर : जमेल! आणि मुलीला सांगा की ऑनलाइन मिळते त्यात पणजीचं लुगडं नसतं. हे पत्र वाचून मला इतका आनंद झाला की उत्तर जरा लांबणार आहे, संपादकांनी समजून घ्यावं. गोधडी हा माझा जीव की प्राण विषय.

पहिलं म्हणजे लुगडी उन्हात धरून बघा, कुठे कुठे विरलंय ते कळतं. विरलेला भाग आत जाऊ दे, धड भाग वर आणि खाली. सुतीच हवं, पॉलिस्टरचं पातळ बाळाला उकडतं आणि पाणीही शोषत नाही. लुगडी आधी साध्या साबणाने धुवायची, खळ नको, नीळ नको, आणि चांगली कडक वाळवायची. जुनं सूत शंभरदा धुतल्याने जो मऊपणा आलेला असतो तो नव्या कापडाला नाही येत, म्हणून तर बाळंतविड्यात जुन्या लुगड्याचीच दुपटी असायची.

बाळासाठी मोठी कशाला, एक मीटर लांब आणि पाऊण मीटर रुंद पुरे. थर तीन, फार तर चार, जास्त घातले तर सुई आरपार जाताना बोटं दुखतात आणि धुतल्यावर लवकर वाळत नाही. जमिनीवर खालचा थर उलटा पसरा, म्हणजे चांगली बाजू फरशीकडे, त्यावर आतले थर, सगळ्यात वर चांगली बाजू वर करून शेवटचा. चारी कोपऱ्यांवर वरवंटा, डबा, काय असेल ते वजन ठेवा आणि हाताने मधून कडेला सुरकुत्या काढत न्या. इथे घाई करायची नाही, इथली सुरकुती शेवटपर्यंत पाठ सोडत नाही. मग लांब लांब कच्चे टाके, ते नंतर उसवायचे असतात. कडा आत दुमडून घ्या किंवा लुगड्याचा काठ कापून चारी बाजूंनी लावा, काठाची गोधडी फार देखणी दिसते.

आता खरं काम, धावदोरा. साधा आत-बाहेर टाका, बाकी काही नाही. कडेपासून सुरू करून चौकोनात चौकोन करत मध्यापर्यंत जा, दोन ओळींत दोन बोटांचं अंतर. टाके एकसारखे आले नाहीत तरी चालतं, पहिल्या वीतभर वेडेवाकडे येतात मग हाताला लय सापडते. दोरा दुहेरी आणि रंग लुगड्याच्या उलट, हिरव्यावर लाल, निळ्यावर पिवळा, म्हणजे पुढची ओळ धरायला डोळ्यालाही सोपं पडतं. गाठी सगळ्या थरांच्या आत लपवायच्या, बाळाच्या अंगाला टोचायला नकोत, आणि मणी, बटणं, टिकल्या काहीही लावायचं नाही. ऑपरेशन झालंय तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या, आणि शिवायचं ते दिवसाउजेडीच, खिडकीजवळ. सुई ओवायला ती पत्र्याची छोटी तार मिळते शिवणाच्या दुकानात, तिचा फार उपयोग होतो, नाहीतर शेजारचं शाळेतलं पोर बोलवा, एकदम दहा सुया ओवून देतं.

आमच्याकडे गोधडी म्हणतात, तुमच्या भागात कुणी वाकळही म्हणत असतील, एकीकडे जाड एकीकडे पातळ, पण शिवायला बसलं की दुपारच्या वेळी शेजारणी गोळा होतात हे सगळीकडे सारखंच. तुम्हीही बोलवा. सुनेलाही डोहाळजेवणाच्या आधी एक ओळ घालू दे, मुलीलासुद्धा, तिचा विरोध टाका घालता घालता मावळेल. नवऱ्याचा एखादा जुना मऊ शर्ट असेल तर त्याचा चौकोन मधोमध लावा. आणि बाळ वर्षाचं होईपर्यंत झोपताना ही गोधडी अंगावर मोकळी घालून सोडायची नाही, तोंडावर येऊ शकते. जमिनीवर खेळायला, मांडीवर घ्यायला, मालिश झाल्यावर गुंडाळायला वापरा. झाली की मला फोटो पाठवा, हा मात्र मी सगळ्यांना दाखवणार!

प्रश्न : नमस्कार आजी. मी नववीत आहे. माझी आजी सही करत नाही, अंगठा लावते. बँकेत गेलं की तिला खूप लाज वाटते. मी तिला शिकवायचा प्रयत्न केला पण अ आ इ ई दोन दिवस गिरवलं आणि म्हणाली, पुरे गं बाई, आता काय करायचंय. काय करू?
(बीड जिल्हा)

उत्तर : बाळा, तुझं पत्र वाचून तुला जवळ घ्यावंसं वाटलं. सगळ्यात आधी आजीला हे सांग. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं छोटं गाव आहे, तिथे ८ मार्च २०१६ ला, महिला दिनाला, आजीबाईंची शाळा सुरू झाली. योगेंद्र बांगर नावाच्या गुरुजींनी सुरू केली. साठीच्या पुढच्या, काही तर नव्वदीच्या आसपासच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, खांद्याला दप्तर लावून शाळेत यायला लागल्या, पाटी-पेन्सिल घेऊन. त्यातल्या कितीतरी जणी आपल्या नातवंडांकडूनच घरचा अभ्यास करून घ्यायच्या. फोनवर व्हिडिओ सापडतील, दाखव तिला. आपल्यासारख्याच सुरकुतलेल्या हातात पाटी बघितली की लाज निम्मी पळते.

आता शिकवायची पद्धत. अ आ इ ई ने सुरू करू नकोस, ती अक्षरं तिच्या काही कामाची नाहीत अजून. तिच्या नावाने सुरू कर. नाव तीन-चार अक्षरांचं असतं, तेवढंच रोज, आधी मोठं, तांदळात बोटाने, मग पाटीवर, मग वहीत. ते आलं की सही आली, बँकेचं काम झालं, आणि खात्यावर अंगठ्याऐवजी सही लावायची असेल तर बँकेत अर्ज देऊन ती नोंदवून घ्यावी लागते, त्या दिवशी तू बरोबर जा.

पुढची गंमत अशी की तुझ्या आजीला जात्यावरच्या ओव्या नक्की येत असतील. बीडकडच्या बायकांना तर येतातच! ती म्हणेल ती ओवी तू मोठ्या अक्षरात वहीत लिही आणि तिच्यासमोर ठेव. तिला शब्द तोंडपाठ आहेत, आता फक्त कुठला शब्द कुठे बसलाय ते डोळ्याने ओळखायचंय, म्हणजे ती वाचायला शिकता शिकता आपल्याच ओव्या वाचत असेल. तुला एक सांगते, हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या दोघांनी गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करून ठेवल्यात, अभ्यासक त्यावर काम करतात. तर आता काय करायचंय म्हणणाऱ्या तुझ्या आजीकडे अख्खं पुस्तक आहे, लिहायला तू आहेसच.

प्रश्न : आम्ही तिघी मैत्रिणी, एक ७६ ची, मी ७०, तिसरी ६६. तिघींचे मिस्टर नाहीत. एसटीने फिरायचं ठरवलंय, दर महिन्याला एक ठिकाण. घरी सांगितलं तर मुलं म्हणतात गाडी करून देतो, एसटीचे हाल कशाला. आम्हाला गाडी नकोय! आमचं चुकतंय का?
(कराड)

उत्तर : काही चुकत नाही. गाडीत बसलं की ड्रायव्हरच्या वेळेचं आणि मुलांच्या फोनचं बंधन, एसटीत खिडकी आणि तिघींच्या गप्पा. शिवाय सवलत आहेच तुमच्यासाठी. ७५ पूर्ण झालेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, ऑगस्ट २०२२ पासून, अमृत ज्येष्ठ नागरिक योजना म्हणतात तिला. आणि मार्च २०२३ पासून सगळ्याच वयाच्या बायकांना अर्धं तिकीट, म्हणजे तुम्हा दोघींनाही निम्म्यातच. आधार कार्ड जवळ ठेवा. महाराष्ट्राची हद्द ओलांडली की सवलत संपते आणि शहरातल्या सिटी बसला ती नाही, एवढं लक्षात ठेवायचं.

पहिली ट्रिप मी सुचवू? कोल्हापूरला जा, तिथून नरसोबाची वाडी. कृष्णा-पंचगंगेचा संगम, घाटावर बसायला छान, आणि वाडीची बासुंदी, पेढे, त्याबद्दल मी काय सांगायचं! वाडीवरून पुढे कुरुंदवाडमार्गे खिद्रापूरला जा, कोपेश्वराचं देऊळ बघायला. शिलाहारांच्या काळातलं दगडी देऊळ, पुढे स्वर्गमंडप, ४८ खांब आणि वर मधोमध छताला गोल मोकळी जागा, खाली उभं राहून मान वर केली की आभाळ दिसतं. मी तिथे गेले तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नव्हता. खिद्रापूरला गाड्या कमी असतात म्हणून परतीची वेळ स्टँडवर आधीच विचारून ठेवा, वाडीला मुक्काम केलात तर अजून बरं, पळापळ नको. मुलांना सांगा रोज संध्याकाळी एक फोन करू, बाकी काळजी करू नका. गुडघ्याचा पट्टा, पाण्याची बाटली, गोळ्या प्रत्येकीने आपल्या पर्समध्ये, एकीच्याच पिशवीत सगळ्यांच्या नकोत.

प्रश्न : आईला यंदा ८० पूर्ण होतायत. सहस्रचंद्रदर्शन नक्की कधी करायचं? कुणी ८० वर्षं ८ महिने म्हणतं, कुणी ८१. आणि आई म्हणते हॉल-बिल काही नको. ती दिवसभर शब्दकोडी सोडवते आणि नाट्यसंगीत ऐकते, तेवढ्यात खूश. आम्हा भावंडांना वाटतं काहीतरी मोठं करावं.
(ठाणे)

उत्तर : हिशोब सोपा आहे. ८० वर्षांच्या बारा-बारा प्रमाणे ९६० पौर्णिमा. दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक महिना येतो, जसा २०२३ ला अधिक श्रावण आला, २०२६ ला अधिक ज्येष्ठ, अशा ८० वर्षांत साधारण ३० जास्तीच्या पौर्णिमा धरा, झाल्या ९९०. उरलेल्या दहा पुढच्या दहा महिन्यांत. म्हणजे ८० वर्षं आणि दहाएक महिने झाले की हजार. पौर्णिमा ते पौर्णिमा २९.५३ दिवस धरून गुणलंत तरी तेच येतं. तुमच्या घरी जे धरतात ते धरा, दोन महिने इकडे तिकडे झाल्याने चंद्र रागावत नाही, पण शक्य असेल तर पौर्णिमेच्या जवळचा दिवस घ्या म्हणजे खरोखर गच्चीवर जाऊन आईला चंद्र दाखवता येईल.

मोठं म्हणजे काय हे आईच्या आवडीने ठरवा. लाडवांची, पुस्तकांची, वह्यांची तुला करतात, वह्यांची केलीत तर नंतर शाळेत देता येतील. हॉल नको म्हणतेय ना, नका घेऊ. घरातच लेकीसुनांनी, नातवंडांनी औक्षण करा. आणि भावंडांनी मिळून तिच्यासाठी एक शब्दकोडं बनवा, फक्त घरातलं! आडवे शब्द, उभे शब्द, तिच्या माहेरच्या विहिरीचं नाव, धाकट्याचं लहानपणचं लाडाचं नाव, तिने पहिल्या पगारात घेतलेली वस्तू, बाबा कुठल्या पदार्थाला नाक मुरडायचे. ते बनवताना तुम्हालाच कळेल आईबद्दल काय काय माहीत नाही, मग मावशीला फोन करा, मामाला विचारा. मोठ्या चौकोनात छापून घ्या आणि सगळे बसलेले असताना तिला सोडवू दे. नाट्यसंगीतासाठी एखाद्या दुपारी गडकरी रंगायतनला संगीत नाटकाचा प्रयोग लागला तर पुढच्या रांगेतली, कडेची दोन तिकिटं काढा, कडेची अशासाठी की मध्येच उठावं लागलं तर तिला संकोच नको.

प्रश्न : आजी, मी कॅनडात असते. लेक जानेवारीत अकरा महिन्यांची होईल, पहिलं बोरन्हाण करायचंय. सासूबाई पहिल्यांदाच येतायत आणि त्यांचा खूप उत्साह आहे. इथे बोरं मिळत नाहीत, बाहेर बर्फ. आणि एवढ्या लहान बाळावर बोरं, हरभरे ओतायची मला भीतीही वाटते. त्यांना वाईट न वाटता कसं सांगू?
(टोरांटो)

उत्तर : भीती रास्त आहे. बोरं, हरभरे, शेंगदाणे, उसाचे करवे, काटेरी हलवा हे सगळं घशात अडकण्यासारखं, आणि अकरा महिन्यांचं बाळ हातात येईल ते तोंडातच घालतं. पण बोरन्हाणाची खरी मजा बाळापेक्षा भोवतीच्या पोरांची असते, तीच तर खाऊ लुटायला तुटून पडतात. तेव्हा बाळाला सासूबाईंच्या मांडीवर बसवा, डोक्यावरून फक्त फुलांच्या पाकळ्या, त्याही तोंडात जाणार नाहीत इकडे लक्ष ठेवून, आणि चिरमुरे, छोटी बिस्किटं, गोळ्या, संत्री हे सगळं समोर चादरीवर मोठ्या मुलांसाठी ओता. बोरांच्या जागी संत्री चालतात, मुलांना काय, लुटायला मिळाल्याशी मतलब. बाळाला लगेच उचलून बाजूला न्यायचं आणि चादर झटकून घ्यायची.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं, सुट्टीचा दिवस बघा. काळं झबलं तिथे मिळेलच. सासूबाईंना आत्ताच फोन करा आणि सांगा, आई, हलव्याचे दागिने तुम्ही घेऊन या. बाजारात तयार मिळतात, पण त्यांना हौस असेल तर स्वतः करतील, मंद आचेवर परात, खसखस किंवा तीळ, थेंब थेंब पाक आणि बोटांनी हलवत राहणं, दोन-तीन दिवस लागतात काटा यायला. दागिने बाळाला फोटोपुरतेच घाला, दोरे पक्के ओवून, आणि तेवढा वेळ तिचे हात कुणीतरी धरून ठेवा. पाकळ्यांचं असं सांगा की आई, डॉक्टर म्हणतात लहान दाणे नकोत, तर वरून काय ओतायचं ते तुम्हीच ठरवा. त्या स्वतःहून काहीतरी शोधतील. आणि विमानातून येताना मुकुट चेपू नये म्हणून तो पुठ्ठ्याच्या खोक्यात कापसात ठेवून हातातल्या बॅगेत आणा म्हणावं.